इटालियनचा कोंजुन्तीवो तोंडात कसा बसवायचा?

तोरिनोतला_तात्या

नमस्कार मंडळी. तोरिनोत येऊन साडेतीन वर्षं झाली. आधी मास्टर्स, आता नोकरी. भाषा तशी बरी आलीय, बाजारात भाजीवाल्याशी घासाघीस करता येते, ऑफिसातली मीटिंग कळते, फोनवर बोलताना आता घाम फुटत नाही. डिसेंबरात चिल्सची बी-टू लेव्हल द्यायची ठरवलीय (सिएनाच्या परदेशीयांसाठीच्या युनिव्हर्सिटीची इटालियनची परीक्षा असते ती, बी-टू म्हणजे मधल्यातली वरची पातळी) आणि घोडं अडलंय ते कोंजुन्तीवोपाशी.

ज्यांचा संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'तो घरी आहे' म्हणजे 'ए आ काझा'. पण 'मला वाटतं तो घरी आहे' म्हणायचं तर 'पेन्सो के सीया आ काझा'. 'ए'चं 'सीया' झालं, कारण आता ती बातमी राहिली नाही, माझ्या डोक्यातली गोष्ट झाली. मत, इच्छा, शंका, भीती, आशा काहीही असलं की क्रियापद कपडे बदलून येतं. 'मला माहीत आहे तो घरी आहे' म्हटलं की परत 'ए'. वर याचे चार काळ, आणि नेहमीची क्रियापदं सगळी वाकडी.

नियम पाठ आहेत हो. कागदावर दहापैकी नऊ येतात. पण बोलताना 'पेन्सो के' म्हणून होईपर्यंत डोक्यात हे क्रियापद कुठल्या गटातलं याचा शोध सुरू होतो आणि तोवर मीटिंग पुढच्या मुद्द्यावर गेलेली असते. मग मी घाईत साधं रूप ठोकून देतो. परवा म्हणालो 'पेन्सो के ए प्रोन्तो', मला वाटतं तयार आहे, तर शेजारी बसणारी सहकारी इतक्या हळू 'सीया' म्हणाली की मला आधी वाटलं शिंकली.

तर प्रश्न दोन. एक, तुम्ही हा प्रकार तोंडात कसा बसवलात? दोन, खरंच गरज आहे का याची?

निवांत_वाचक

इथे कोणी शिंकलं की 'सालूते' म्हणतात ना? म्हणून टाकायचं. पुढच्या वेळी ती जोरात शिंकेल.

मिलान_मेल

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही. मिलानमधे नऊ वर्षं काढली, तीन चाव्यांवर. 'सेकोन्दो मे' म्हणजे माझ्या मते, याच्यापुढे साधं रूप चालतं. 'फोर्से' म्हणजे कदाचित, साधं रूप. 'आंके से' म्हणजे जरी, साधं रूप. 'पेन्सो के' म्हणूच नका, 'सेकोन्दो मे ए प्रोन्तो' म्हणा, विषय संपला. आणि इटालियन लोक तरी कुठे सगळे बोलतात? रोमच्या बारमधे पाच मिनिटं उभे राहा, 'पेन्सो के ए' ऐकू येईल. त्यांना चालतं आणि आपण मात्र रात्री जागून तक्ते पाठ करायचे.

खवचट_काकू

नऊ वर्षं प्रत्येक वाक्य 'माझ्या मते'ने सुरू करताय? घरचे काही म्हणत नाहीत?

मिलान_मेल

घरी माझं मत कोणी विचारत नाही काकू. त्यामुळे तिथे व्याकरणाचा प्रश्नच येत नाही.

पालेर्मोची_सून

मिलान_मेल यांच्याशी साफ असहमत. बारमधे चालतं ते नोकरीच्या मेलमधे चालत नाही. इथे एखाद्या पुढाऱ्याचा कोंजुन्तीवो चुकला की दुसऱ्या दिवशी पेपरात आणि नेटवर त्याची टिंगल सुरू. आपल्याकडे 'न' आणि 'ण'वरून लोकांना हिणवतात ना, अगदी तसाच प्रकार, आणि तितकाच वाईट. पण आहे तो आहे. परक्याला बोलताना माफ असतं, लिहिताना नाही.

तात्या, तुम्हाला एक गंमत सांगते. तुम्ही हा कोंजुन्तीवो इथे आलात त्या दिवसापासून बोलताय. 'स्कूझी' (माफ करा), 'सेन्ता' (ऐका), 'सी आक्कोमोदी', 'नोन सी प्रेओक्कूपी' (काळजी करू नका), आणि दुकानदार 'मी दीका' (बोला) म्हणतो ते. परक्या माणसाला 'अहो' करून सांगायचं असलं की इटालियनमधे आज्ञार्थ नाहीच, कोंजुन्तीवोचंच रूप उसनं घेतात. 'सी आक्कोमोदी' म्हणजे आपलं 'बसावं'. आपणही पाहुण्यांना 'बसा' याच्यावर अदबीचं 'बसावं', 'यावं', 'जेवून जावं' म्हणतो की.

आता त्यातून तक्ता काढा. ज्यांचं मूळ रूप आरे-वालं (पार्लारे, स्कूझारे) त्यांना इथे शेवटी ई लागते: पार्ली, स्कूझी. बाकीच्यांना आ लागतो: दीका, सेन्ता, वेन्गा. साध्या रूपात असतं त्याच्या बरोबर उलटं. मी, तू, तो तिघांना एकच रूप. झाला की अर्धा कोंजुन्तीवो.

तोरिनोतला_तात्या

थांबा थांबा. स्कूझी हा कोंजुन्तीवो आहे?? साडेतीन वर्षं रोज बसमधे लोकांना धक्के मारत मी कोंजुन्तीवो बोलतोय?

निवांत_वाचक

आणि लोक कौतुकाने बघत असणार. केवढं शुद्ध धक्का मारतो हा मुलगा.

पालेर्मोची_सून

:) फक्त एक सांभाळा, ई फार लाडकी करू नका. 'वेन्गा' (या) याच्या जागी 'वेन्गी' आणि 'वादा' (जा) याच्या जागी 'वादी' ही इथली ठरलेली विनोदी चूक आहे, नाटकसिनेमात अर्धवट शिकलेला कारकून दाखवायचा असला की त्याच्या तोंडी हेच घालतात.

पाणिनीचा_पुतण्या

धागा उशिरा पाहिला. वरच्या 'बसावं'वरून राहवलं नाही म्हणून लिहितोय, लांबण लागेल.

शाळेत क्रियापदाचे चार अर्थ शिकलो होतो: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. परीक्षेपुरते पाठ केले आणि विसरलो, कारण आपल्याला ते न शिकताच येत होते. इटालियन कोंजुन्तीवो घाबरवतो तो इंग्रजीतून शिकल्यामुळे. इंग्रजीत तो जवळजवळ झिजून गेलाय. मराठीतून शिका, निम्मा आधीच घरात आहे. बघा:

'वोल्यो के तू वेन्गा': तू यावंस असं मला वाटतं. 'तू येतोस असं मला हवंय' असं आपण म्हणतो का? नाही, क्रियापद आपोआप वळतं.

'आफ्फिन्के लो साप्पिया': त्याला कळावं म्हणून.

'बेंके प्योवा': पाऊस पडत असला तरी. इथे 'आहे तरी' म्हणणारा मराठी माणूस दाखवा.

आणि माझं सगळ्यात आवडतं. 'चेर्को ला काझा के आ इल जार्दीनो' म्हणजे बाग आहे ते घर शोधतोय. घर ठरलेलं आहे, फक्त पत्ता सापडत नाहीये. 'चेर्को ऊना काझा के आब्बिया इल जार्दीनो' म्हणजे बाग असेल असं घर शोधतोय. असं घर जगात आहे की नाही देव जाणे. 'आहे ते' आणि 'असेल असं', हा फरक आपल्याला पाच वर्षांच्या वयापासून कळतो. इंग्रजीतून शिकणाऱ्याला याच्यावर दोन पानं वाचावी लागतात.

तोरिनोतला_तात्या

गेले चार महिने मी अक्षरशः बाग असेल असं घर शोधतोय. आता कळलं एजंट का हसायचा. मी बाग आहे ते घर म्हणत होतो, तो म्हणायचा कुठलं ते सांगा!

मिलान_मेल

हे सगळं छान आहे हो पुतणे, पण मग आपण चुकतो का? घरात इतका माल असताना तात्यांचं 'पेन्सो के ए' कुठून आलं?

पाणिनीचा_पुतण्या

बरोबर जागी बोट ठेवलंत. माल तोच, पण कुंपण वेगळ्या जागी घातलंय. आपल्याकडे इच्छा कुंपणाच्या आत आहे, नुसतं मत बाहेर आहे. 'तो यावा असं वाटतं' पण 'तो घरी आहे असं वाटतं'. त्याच 'वाटतं'पुढे दोन रूपं! इटालियनने मतही कुंपणात घेतलं. म्हणजे मराठी माणसाने सगळा कोंजुन्तीवो नव्याने शिकायचाच नाहीये, 'पेन्सो के, क्रेदो के, मी सेम्ब्रा के' (मला वाटतं, माझी समजूत आहे, मला दिसतंय) एवढा पट्टा फक्त नवा आहे. ताकद तिथे लावा.

आणखी एक जागा, कर्ता एकच असेल तर. 'मला जायचंय' आणि 'त्याने जावं असं मला वाटतं', इच्छेला आपण दोन वेगळ्या रचना वापरतो, तेही वापरतात: 'वोल्यो आंदारे' आणि 'वोल्यो के लुई वादा'. पण मताला आपण फरक करत नाही, 'मला वाटतं मी बरोबर आहे' बिनदिक्कत म्हणतो. ते तिथे 'दि' लावून मूळ रूप ठेवतात, 'क्रेदो दि आवेरे राजोने'. स्वतःबद्दल 'के' नको. इथे हमखास पाय घसरतो.

हाबलो_हडपसर

स्पॅनिशवाला बोलतोय. मी आधी स्पॅनिश केलं, नंतर मुलीच्या हट्टापायी इटालियन. वाटलं होतं सख्ख्या बहिणी आहेत, एकीला ओळखलं की दुसरीही कळेल. स्पॅनिशमधे 'क्रेओ के एस' साधं रूप. 'नो क्रेओ' म्हटलं, म्हणजे मला *नाही* वाटत म्हटलं, तरच सबजंक्टिव्ह, म्हणजे तिकडचा कोंजुन्तीवो, येतो. फ्रेंचमधेही 'पॉन्स' म्हटलं की साधंच. मग इटालियनला आलो आणि दोन वर्षं 'क्रेदो के ए' म्हणत राहिलो, कारण माझ्या मते मी बरोबर होतो. मताच्या बाबतीत ही बहीण सगळ्यात कडक आहे. पुतणे यांचं कुंपण पटलं, फक्त बहिणीबहिणींची कुंपणंही वेगवेगळी आहेत.

खवचट_काकू

मतावर विश्वास नाही म्हणून कडक. म्हणजे 'मला वाटतं' म्हणणारा खरं बोलत असेलच असं नाही हे इटलीने व्याकरणात लिहून ठेवलंय. आपल्याकडे ते टीव्हीवरच्या चर्चा बघून कळतं.

बाय द वे, आपल्याकडे 'म्हणे' आहे की. 'तो श्रीमंत आहे' आणि 'तो श्रीमंत आहे म्हणे'. एक शब्द लावला आणि हात झटकले. याला काय म्हणतात तिकडे?

पालेर्मोची_सून

काकू, ग्रेट. 'सी दीचे के सीया रिक्को'. 'लोक म्हणतात' आलं की कोंजुन्तीवो. अगदी तुमचं 'म्हणे'. पेपरवाले तर आणखी पुढे जातात, ते कॉन्दित्सिओनाले, म्हणजे जर-तरमधलं 'तर'च्या बाजूचं रूप, वापरतात. मंत्री आजारी 'सारेब्बे', म्हणजे आजारी आहेत म्हणे, आमच्यावर केस करू नका.

मिलान_मेल

मग माझी चौथी चावी ऐका. अंदाजाला भविष्यकाळ. 'सारा आ काझा', घरी असेल. 'सारान्नो ले चिंक्वे', पाच वाजले असतील. मराठीशी तंतोतंत! 'मला वाटतं तो घरी आहे' म्हणायचंच कशाला, 'घरी असेल' म्हणा, कोंजुन्तीवो नाही, काही नाही.

हाबलो_हडपसर

नऊ वर्षांत चार चाव्या. कुलूप शिकला असतात तर आत्तापर्यंत झालं असतं.

तोरिनोतला_तात्या

हाहा. पण हाबलो, तुमच्या या वाक्यावरूनच माझा पुढचा प्रश्न. 'शिकला असतात तर झालं असतं'. हे जर-तर माझं दरवेळी चुकतं. मी म्हणतो 'से आव्रेई सापूतो, सारेई वेनूतो', मला माहीत असतं तर आलो असतो, आणि समोरचा डोळे मिटून घेतो, दात दुखल्यासारखे.

पाणिनीचा_पुतण्या

तात्या, ही तर अस्सल मराठी चूक. आपल्याकडे दोन्ही बाजूंना एकच रूप. पैसे *असते* तर घर घेतलं *असतं*. इटालियनमधे जोडी विजोड आहे. 'से'च्या बाजूला कोंजुन्तीवो (आवेस्सी), निकालाच्या बाजूला कॉन्दित्सिओनाले (सारेई). 'से आवेस्सी सापूतो, सारेई वेनूतो.' तुम्ही मराठी सवयीने दोन्हीकडे एकच रूप घातलंत आणि नेमकं चुकीच्या बाजूचं घातलंत.

पालेर्मोची_सून

आता माझ्या सासूबाईंची एंट्री. त्यांच्या सिसिलियनमधे दोन्ही बाजूंना एकच! 'सी आविस्सी दिनारी, आक्कात्तास्सी ना काझा.' पैसे असते तर घर घेतलं असतं. लग्नानंतर पहिल्या वर्षी हे वाक्य ऐकलं आणि मला एकदम माहेरचं कोणी बोलल्यासारखं वाटलं. असते, असतं. सिसिलियनमधे हा इम्पेर्फेत्तोचा (भूतकाळी) कोंजुन्तीवो जिथे तिथे आहे, आणि प्रेझेन्तेचा (वर्तमानकाळी) जवळपास नाहीच. त्यामुळे सासूबाई इटालियन बोलतात तेव्हा अदबीने 'वेन्गा' न म्हणता 'वेनिस्से' म्हणतात, 'मी दिचेस्से'. उत्तरेकडची माणसं याला हसतात. मला ते फार गोड वाटतं, 'आला असतात तर बरं झालं असतं'सारखं लाजत बोलावणं.

आमच्या घरात मग अशी परिस्थिती आहे की नवरा मुलांना शाळेतलं इटालियन शिकवतो, आजी सिसिलियन, मी मराठी, आणि धाकटा सगळ्यांचं एकत्र करून 'आई, से पोत्रेई बाहेर जाऊ?' म्हणतो.

खवचट_काकू

धाकट्याला जाऊ द्या बाहेर. इतकं बोलल्यावर हक्क बनतो.

मडगांवकर

गोंयचा बोलतोय, इटालियन येत नाही, तरी नाक खुपसतो. आमची आजी १९६१ च्या आधी पोर्तुगीज शाळेत शिकलेली. पाऊस लांबला की अंगणात येऊन म्हणायची 'ओशाला के शोव्हा', पडो बाबा एकदाचा. ओशाला हा शब्द मुळात अरबी, अल्लाची मर्जी असेल तर, या घराण्यातला. पक्की कॅथलिक आजी, मेणबत्ती लावून अल्लाचं नाव घ्यायची आणि तिला ते सांगितलं तर लाटणं घेऊन मागे लागली असती. आणि पोर्तुगीजमधे सबजंक्टिव्हचा भविष्यकाळही आहे, 'जेव्हा माझ्याकडे पैसे असतील' याला वेगळं रूप. इटालियनवाले चार काळांत सुटलात, रडू नका.

हाबलो_हडपसर

स्पॅनिशमधे तोच 'ओहाला'! तुमच्या आजीला नमस्कार. इटालियनमधे या कामाला 'मागारी' आहे, तो ग्रीकमधून आला, मूळ अर्थ धन्य, सुखी. कोणी विचारलं 'लॉटरी लागली म्हणे?' तर नुसतं 'मागारी!' म्हणजे आमचं कुठलं एवढं नशीब. पुढे वाक्य जोडलं तर 'मागारी फोस्से वेरो', खरं असतं तर काय हवं होतं. पण साध्या रूपाबरोबर आला तर त्याचा अर्थ नुसता 'कदाचित', 'मागारी वेन्गो', बघू, जमलं तर येतो. पहिल्या वर्षी एकाने मला 'मागारी' म्हटलं आणि मी त्याच्यासाठी जेवण करून बसलो.

वसईचं_केळं

माझे मामा धर्मगुरू आहेत, शिकायला काही वर्षं रोमला होते. घरी आम्ही कादोडी ही इकडची बोली बोलतो, चर्चमधे मराठी. मामांना पण तिकडे सुरुवातीला कोंजुन्तीवोने छळलं. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण रोज सकाळी तो म्हणतोय. प्रभूची प्रार्थना घ्या. 'तुझे राज्य येवो': 'वेन्गा इल तूओ रेन्यो'. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो': 'सीया फात्ता ला तूआ वोलोन्ता'. येवो म्हणजे वेन्गा, होवो म्हणजे सीया. एवढं कळल्यावर त्यांनी तक्ता बंद करून ठेवला म्हणे. (काकू, 'म्हणे' मुद्दाम, मी तिथे नव्हतो.)

पाणिनीचा_पुतण्या

वा, केळं, काय सुंदर दिलंत! आणि हे 'वो' बघा आपल्याकडे कुठपर्यंत जातं. पसायदान आठवा: सांडो, वाढो, जडो, जावो, पाहो, लाहो. १२९० सालातला मराठी कोंजुन्तीवो, ओळीमागून ओळ, आणि आपण तो शाळेच्या मैदानात उन्हात उभं राहून म्हटलाय. ज्याला हे तोंडपाठ आहे त्याने 'सीया'ला घाबरायचं म्हणजे कमाल आहे.

शिवाय नातं नुसतं अर्थाचं नाही, रक्ताचं आहे. 'सीया'चा पूर्वज लॅटिनमधला 'सित', जुन्या लॅटिनमधे तोच 'सिएत'. आणि संस्कृतमधे 'अस्' (असणे) धातूचं विधिलिङ्, म्हणजे विध्यर्थाचं रूप, काय? स्यात्. सिएत आणि स्यात् एकाच मूळ रूपातून आलेत. जैनांच्या स्याद्वादातलं स्यात् तेच, 'एका परीने असू शकेल'. तुमची सहकारी मीटिंगमधे तुम्हाला स्याद्वादच शिकवत होती तात्या.

निवांत_वाचक

आणि याला वाटलं शिंकली.

मिलान_मेल

सेकोन्दो मे धागा आता फार उंच गेलाय, खाली या. तक्रार माझी कायम आहे. हे 'बरोबर' आणि 'चूक' ठरवतं कोण? रोमवाला 'पेन्सो के ए' म्हणतो, सिसिलीची आजी 'वेनिस्से' म्हणते, सगळे एकमेकांना समजतात.

पाणिनीचा_पुतण्या

कायदा कोणाचाच नाही, पण लोक विचारायला जातात ते फ्लॉरेन्सच्या आक्कादेमिया देल्ला क्रूस्काकडे. १५८३ सालची संस्था, १६१२ मधे पहिला मोठा शब्दकोश छापला. आजही सामान्य माणसं त्यांना प्रश्न पाठवतात आणि ते सविस्तर उत्तरं देतात. क्रूस्का म्हणजे कोंडा! चांगलं पीठ चाळून घ्यायचं आणि कोंडा बाजूला काढायचा ही कल्पना, बोधचिन्हावरही पीठ चाळायचं यंत्र आहे.

खवचट_काकू

आपल्याकडे कोंड्याचा मांडा करतात, ते मांड्यातून कोंडा काढतात.

क्रेमोनाचा_गुरांचा_डॉक्टर

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं. मिलान_मेल यांच्या बाजूने एक मुद्दा. माझं काम इथल्या गोठ्यांमधे असतं. पो नदीच्या या सगळ्या सपाट भागात पंजाबी माणसं गाईंच्या गोठ्यात आहेत, तुम्ही खाता त्या ग्राना पादानो चीजचं दूध बरंच त्यांच्या हातून येतं. त्यातल्या एका सरदारजींइतकं सफाईदार इटालियन मला अजून येत नाही, गावातल्या म्हाताऱ्यांशी ते लोम्बार्द बोलीत चेष्टा करतात. कोंजुन्तीवो त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकलाय. पण २०१८ नंतर नागरिकत्वाच्या अर्जाला बी-वनचा, म्हणजे बी-टूच्या खालच्या पातळीचा, दाखला लागतो, तेव्हा वीस वर्षं इथे राबलेला तो माणूस संध्याकाळी माझ्याकडे पुस्तक घेऊन आला आणि विचारलं, डॉक्टरसाब, ये 'सीया' क्या है. मला तेव्हा फार कसंतरी झालं. म्हणून तात्या, शिका जरूर, पण जो चुकतो त्याच्यासमोर शिंकू नका.

पालेर्मोची_सून

हे मनापासून पटलं. माझं 'न-ण'वालं वाक्य याच अर्थाने होतं, पण तुम्ही नीट सांगितलंत.

तोरिनोतला_तात्या

डॉक्टर, लक्षात ठेवीन. (ती सहकारी मुळात चांगली आहे हो, मीच तिला सांगितलं होतं चूक झाली की सांग म्हणून.)

आता कामाचं. परीक्षेला सहा आठवडे आहेत. करू काय नक्की?

हाबलो_हडपसर

नियम सोड, तुकडे पाठ कर. 'पेन्सोकेसीया' हा एकच शब्द आहे असं समज. 'क्रेदोकेआब्बिया', 'स्पेरोकेवादा', 'सेम्ब्राकेफाच्चा'. आंघोळ करताना, बसमधे. सीया, आब्बिया, फाच्चा, वादा, वेन्गा, पोस्सा (असणे, जवळ असणे, करणे, जाणे, येणे, शकणे यांची रूपं). या सहांवर रोजचं बहुतेक बोलणं निघतं. मी मुलीला शाळेत सोडताना गाडीत म्हणायचो, ती काच वर करायची.

पालेर्मोची_सून

आणि भूतकाळातलं विसरू नका, बी-टूला तेच विचारतात. मुख्य वाक्य मागे गेलं की आतलंही मागे जातं. 'पेन्सो के सीया', पण 'पेन्सावो के फोस्से'. मराठीत असं होत नाही, 'मला वाटलं तो घरी आहे', आतलं 'आहे' जागचं हलत नाही. 'वोर्रेई के' (मला आवडेल की) आलं की पण फोस्से, वेनिस्से. दारे आणि स्तारे यांचं 'देस्से', 'स्तेस्से' होतं, 'दास्से', 'स्तास्से' नाही, इथली मुलंसुद्धा तिथे चुकतात.

खवचट_काकू

मला इटालियन येत नाही पण एक सुचवते. रोज झोपताना त्या दिवशीच्या तीन तक्रारी मराठीत म्हण. एजंटाने फोन उचलावा, बॉसने लवकर घरी सोडावं, शेजाऱ्याने ड्रिल बंद करावं. मग त्याच इटालियनमधे. तक्रारींचा साठा संपत नाही, सराव चालू राहतो.

तोरिनोतला_तात्या

काकूंचा उपाय आजपासून सुरू. शेजारी आत्ता ड्रिलच करतोय.

तोरिनोतला_तात्या

धागा वर काढतोय, सात आठवड्यांनी. परीक्षा झाली. निकालाला वेळ आहे. लेखी बरी गेली. तोंडीत एक फोटो दाखवून बोला म्हणाले, रिकाम्या स्टेशनवर बसलेला म्हातारा. मला एकदम पुतण्यांचं 'असेल'च आठवलं आणि मिलान_मेलची चौथी चावी लावली, गाडी चुकली असेल, कोणाची वाट बघत असेल. मग म्हटलं आता तरी कोंजुन्तीवो काढ, आणि 'मी सेम्ब्रा के आस्पेत्ती क्वाल्कूनो', कोणाची तरी वाट बघतोय असं वाटतं, बाहेर आलं. आस्पेत्ती! ई लावली, बरोबर लावली, आणि विचार न करता. बाईंच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही, त्यांना ते नेहमीचंच ना.

काकू, तुमच्या तक्रारींचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. शेजाऱ्याचं ड्रिल मात्र चालू आहे.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांनी विचारलं कसं झालं. म्हणालो 'स्पेरो के सीया आंदाता बेने', चांगलं गेलं असावं अशी आशा आहे. कोणी शिंकलं नाही! मग मला जोर चढला आणि पुढे म्हणालो 'स्पेरो के यो आब्बिया पास्सातो', मी पास झालो असेन अशी आशा आहे. झालं. 'दि आवेर', शेजारून.

पाणिनीचा_पुतण्या

कर्ता एकच! सांगितलं होतं!!

खवचट_काकू

यावेळी तरी सालूते म्हणालास की नाही?

तोरिनोतला_तात्या

म्हणालो. तिला सर्दी झालेली आहे, खरीच शिंक होती ती. 'दि आवेर' पलीकडच्या टेबलावरून आलं होतं.